खाऱ्या पाण्याची टाकी : हायड्रोमीटर १.०२४ दाखवतोय, तरी गोगलगायी मरतायत (लातूर)

मांजराकाठ
टाकी ३ बाय दीड बाय दीड फूट. खडक आणि रेती वजा जाता पाणी साधारण १६० लिटर. चालू होऊन सात महिने झालेत. आत २ क्लाऊन आणि १ डॅमसेल मासे, २ क्लीनर कोळंबी, ८ गोगलगायी. पाच दिवसांत ६ गोगलगायी गेल्या, काल एक कोळंबी. क्लाऊन पहाटे वर येऊन धापा टाकतात, दुपारी बरे दिसतात.

तापमान दुपारी ३१, रात्री २९. हायड्रोमीटर (खारटपणा मोजायचा) १.०२४, पीएच ८.१, अमोनिया ०.५, नायट्राइट ०, नायट्रेट २०.

ऊन वाढलं म्हणून दहा दिवसांपूर्वी पाण्यावर छोटा पंखा लावला. रोज ४ लिटर पाणी उडतं. मी रोजच्या रोज कॅनमधल्या तयार पाण्याने भरतो, पातळी खाली जाऊ देत नाही. पाणी घरच्या आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ७०, मागे बोअर. रोग आहे का? दुकानदार निळं औषध टाका म्हणतोय.

खडकवाला
निळं औषध टाकू नका. ती निळाई मोरचुदाची असू शकते, म्हणजे तांबं. माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांना ते चालतं, तेही वेगळ्या टाकीत. इथे टाकलंत तर उरलेली कोळंबी आणि गोगलगायी रात्रीतून संपतील, आणि खडकात मुरलेलं तांबं पुढे कित्येक महिने सुटत राहील.

दोन गोष्टी सांगा. कॅनमधलं ‘तयार पाणी’ म्हणजे मीठ कालवलेलं का? आणि आरओवर कुठे ‘कॉपर’ लिहिलंय का? हल्ली बऱ्याच घरगुती मशिनींत शेवटी तांब्याची कांडी असते. माणसाला चालतं, कोळंबीला विष.

गोदाकाठ
कालवलेलंच असणार. आमटी आटली की खारट होते, तसंच हे. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ खालीच राहतं. त्यात तुम्ही वरून पुन्हा खारट पाणी ओतताय. हिशोब करा : लिटरला ३५ ग्रॅम धरलं तर ४ लिटरमध्ये १४० ग्रॅम. १६० लिटरमध्ये रोज लिटरमागे जवळपास ०.९ ग्रॅम जादा. दहा दिवसांत ३५ चे ४३-४४ झाले.

आधी गोगलगायी आणि कोळंबी गेल्या यातही तेच दिसतं. त्यांच्या अंगातलं मीठ बाहेरच्या पाण्याबरोबर वरखाली होतं, माशाला ते काही प्रमाणात सांभाळता येतं. खारट आणि गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो, म्हणून पहाटेच्या धापा. अमोनिया खडकाच्या फटीत कुजणाऱ्या गोगलगायींचा असावा.

१.०२४ वर मात्र विश्वास ठेवू नका. झुलत्या काट्याच्या हायड्रोमीटरवर मीठ-चुन्याचा थर बसला की काटा जड होतो आणि आकडा कमी दाखवतो. बुडबुडे चिकटले तर उलटं, जास्त दाखवतो. पडताळणी घरीच होते. एक लिटरची कोरडी बाटली ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. आरओचं पाणी काठोकाठ भरून वजन घ्या. मग तीच बाटली रिकामी करून टाकीच्या पाण्याने तशीच काठोकाठ भरा. दोन्ही पाणी एकाच तापमानाचं हवं, बाटली बाहेरून पुसलेली हवी. टाकीच्या वजनाला आरओच्या वजनाने भागा. १.०२६ आलं तर ठीक, १.०३२ आलं तर ४३ च्या घरात.

मांजराकाठ
तयार पाणी मिठाचंच होतं. बाटलीचं वजन : आरओ १०१४, टाकी १०४७. म्हणजे १.०३२ च्या वर! हायड्रोमीटरच्या काट्यावर पांढरा थर आहे, नीट बघितल्यावर दिसला. आणि हो, आरओवर कॉपर लिहिलंय.

गोदाकाठ
आता एकदम गोडं पाणी ओतू नका. आधी पातळीच्या खुणेपर्यंत साध्या आरओच्या पाण्याने भरा. मग रोज टाकीतलं ८ लिटर काढून तेवढंच आरओचं घाला, सकाळी ४ आणि संध्याकाळी ४, बारीक नळीने थेंबथेंब. एका दिवसात ४३ चे ४१, दुसऱ्या दिवशी ३९, चौथ्या दिवशी ३५. कोळंबी सुस्त वाटली तर रोज चारच लिटर, आठ दिवस लागू द्या. वाफेची भरपाई यापेक्षा वेगळी, आणि तीही कायम बिनमिठाची.

खडक हलवून मेलेल्या गोगलगायी काढा, दोन दिवस खाऊ बंद. वेव्हमेकरचं (पाणी हलवणाऱ्या पंपाचं) तोंड वर वळवा, पृष्ठभाग हलला पाहिजे. लाईट गेली तर बॅटरीचा एअर पंप. कॅनिस्टर फिल्टर तासन्‌तास बंद राहिला तर आतलं कुजकं पाणी ओतून, स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून मग चालू करा.

खडकवाला
आरओवाल्याला सांगून मेंब्रेननंतर (क्षार गाळणाऱ्या पडद्यानंतर), कांडीच्या आधी, एक वेगळी नळी काढून घ्या. टीडीएस कंट्रोलर असेल तर त्याच्याही आधी, नाहीतर बोअरचं कच्चं पाणी त्यात मिसळतं. ७० हा आकडा बहुधा तिथूनच येतोय. नळीपुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचं) भांडं जोडा, टीडीएस ० यायला हवा. १-२ दिसू लागलं की रेझिन बदला. कधी टँकरचं पाणी घेतलंत तर त्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते, तिचं क्लोरीन मेंब्रेन खातं, म्हणून कार्बन फिल्टर वेळच्या वेळी बदला. ही नळी होईपर्यंत कांडीचं पाणी टाकीत नको, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणून काम भागवा.

टाकीत २०० ग्रॅम ॲक्टिव्हेटेड कार्बन धुऊन, जाळीच्या पिशवीत घाला, आठवड्याने बदला. तांब्याची टेस्ट शून्य येईपर्यंत नवी कोळंबी आणू नका.

पंखा राहू द्या. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात तो २-३ अंश सहज उतरवतो. फक्त त्याच बंद खोलीत पाण्याचा कूलर लावू नका, हवा दमट झाली की वाफ होत नाही.

मांजराकाठ
नळी उद्या जोडून घेतो. पहिले ८ लिटर डिस्टिल्डचेच घालतोय, दोन कॅन आणलेत. हायड्रोमीटर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलाय.