मदत हवी आहे: नाशकात आत्मिक आरोग्यासाठी प्रार्थना कुठे होते?

उपनगरची_ताई:
नाशिक किंवा नाशिकरोडला आत्मिक आरोग्यासाठी चांगली प्रार्थना कुठे होते? डोक्यावर हात ठेवून करतात तशी. दादासाठी हवी आहे. रविवारच्या आत न्यायचंय, सोमवारी मला पुण्याला परतायचंय. कृपया लवकर सांगा, आधीच खूप उशीर झालाय.

गोदाकाठ:
दादांना झालंय काय? चालता-फिरता येतं का? आणि तुम्ही कॅथलिक की प्रोटेस्टंट? कॅथलिक असाल तर सरळ फादरना सांगा, ते आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार देतील. तो फक्त शेवटच्या घटकेला असतो हा जुना समज. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर गंभीर आजारातही देतात.

उपनगरची_ताई:
प्रोटेस्टंट. चालतो, फिरतो, नोकरीही करतो. वहिनी आजारपणात वारल्यापासून चर्चला येत नाही, प्रार्थना तर नाहीच. पूर्वी त्याच्या हार्मोनियमशिवाय आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, भजन सुरूच व्हायचं नाही. पत्ता सांगा ना कोणीतरी!

द्राक्षबाग:
बाळ येशूच्या चर्चला न्या. नाशिकरोड स्टेशनवरून रिक्षा मिळते, सगळ्या धर्मांचे लोक येतात. फेब्रुवारीतल्या यात्रेत मात्र गाडी नेऊ नका, फार लांब लावावी लागते. आमच्या आईचे पाय सुजले होते चालून चालून.

साक्षीदार:
ताई, दादांना आमच्या संजीवन सभेत, म्हणजे आरोग्यासाठीच्या प्रार्थनासभेत, आणा. मी दारूत बुडालेला माणूस, प्रभूने मला एका रात्रीत उचललं. आधी तीन दिवस उपास-प्रार्थना करायची. गोळ्या चालू असतील तर तेवढे दिवस बाजूला ठेवा. अर्ध्या विश्वासाने पूर्ण आरोग्य मिळत नाही.

शरणपूरकर:
गोळ्या बाजूला ठेवा, हे कुठल्या वचनात आहे? बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, त्याने मिलेत गावात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. आणि पौलाच्या सोबतचा लूक कोण होता? वैद्य! यांचा सगळ्यांचा विश्वास अर्धा होता का? ताई, दादा कसली औषधं घेतात?

उपनगरची_ताई:
डिप्रेशनची. मानसोपचार डॉक्टरांकडे जातो. त्याचा प्रार्थनेशी काय संबंध, म्हणून लिहिलं नव्हतं.

साक्षीदार:
माझा अनुभव खोटा नाही. ज्याने मला मोकळं केलं त्याचंच नाव मी घेतोय.

शरणपूरकर:
अनुभव खरा आहे, मी मान देतो. पण डिप्रेशनच्या गोळ्या एकदम सोडल्या तर माणूस आणखी खचतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी कमी करायची नाही, ताई.

गोदाकाठ:
भांडण थांबवा. ताई, वहिनींच्या आजारपणात दादांना कोणी काही बोललं होतं का?

उपनगरची_ताई:
हो. वहिनीला कॅन्सर होता. एका प्रार्थना गटाचे लोक घरी यायचे. शेवटी शेवटी त्यातल्या एकाने दादाला जिन्यात गाठून सांगितलं, घरच्या कर्त्या माणसाचा विश्वास कमी पडतोय. दादाने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. परवा भांडी घासता घासता मला बोलला, नळ तसाच वाहत होता. म्हणून तर घाई आहे. कुणीतरी त्याच्यासाठी अशी प्रार्थना करावी की हे त्याच्या मनातून निघेल.

बायबलवाल्या_आजी:
पोरी, आता खरं दुखणं सांगितलंस. योहान ९ काढ. आंधळ्याला बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? प्रभू म्हणतो, कुणाचंच नाही. दादाला जे सांगितलं गेलं ते प्रभूचं बोलणं नव्हे, हे त्याला पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, तोंडून ऐकू दे. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि त्याच्या जखमेवर मीठ चोळलं.
आणि याकोब ५:१४ नीट वाच. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोलवावं असं लिहिलंय. त्यांनी त्याच्याकडे जायचं. तू त्याला कुठे ओढत नेऊ नकोस, पाळकसाहेबांना घरी बोलाव. त्याला प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्र ८८ वाचून दाखव. त्यात शेवटपर्यंत अंधारच आहे, तरी ती देवाशी बोललेली प्रार्थनाच आहे.

शरणपूरकर:
आजींना +१. रविवारची मुदतही काढून टाका. लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली वर्षं त्यांना कुणी ढकललं असतं तर त्या आल्या असत्या का?
अवांतर: शरणपूर मिशनच्या शाळेत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायची. त्यातला जेकब वेनराइट आफ्रिकेत वारलेल्या प्रवासी-मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवाबरोबर १८७४ साली लंडनपर्यंत गेला. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांनाही हे माहीत नसतं.

द्राक्षबाग:
हे माहीत नव्हतं. यावर वेगळा धागा काढा ना.

उपनगरची_ताई:
पाळकसाहेबांना फोन केला. शनिवारी संध्याकाळी येतो म्हणाले. दादाला आधी सांगू का? नको म्हणेल अशी भीती वाटते.

बायबलवाल्या_आजी:
आधी सांग. नको म्हणाला तर पाळकांना तसं कळव, ते पुन्हा कधीतरी येतील. न सांगता माणूस दारात उभा केलास तर त्याला तो जिनाच आठवेल.

साक्षीदार:
ताई, दादांसाठी आजपासून रोज प्रार्थना करतो. सभेचा आग्रह नाही.

गोदाकाठ:
सोमवारनंतर त्यांच्याजवळ कोण आहे? डॉक्टरांची पुढची तारीख कधीची? रात्री-अपरात्री फार बिघडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, मराठीत बोलता येतं.

उपनगरची_ताई:
तारीख पुढच्या गुरुवारची आहे. आत्या पंचवटीत असते, तिला रात्री मुक्कामाला यायला सांगते. नंबर फ्रिजवर लावला. दादाला आज जेवताना विचारते.