रीफ टँकचा ओपन सोर्स कंट्रोलर घरी बनवायचाय, सल्ला हवा

निवटी
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर तीन फुटी रीफ टँक आहे (खाऱ्या पाण्यातल्या कोरल आणि माशांचा), संप म्हणजे खालची टाकी धरून साधारण १८० लिटर पाणी. क्लाऊन माशांची जोडी, आणि झोआ, मश्रूम, थोडं झेनिया हे सॉफ्ट कोरल. खाली पाणी गार ठेवणारा चिलर, संपमधून पाणी वर नेणारा रिटर्न पंप, मळ काढणारा स्किमर, शिवाय लाटा करणारे दोन वेव्हमेकर. सध्या सगळं टायमरवर आणि माझ्या नजरेवर चालतं.

अडचण गणपतीची. दरवर्षी पाच दिवस देवरूखला जायचं असतं, घर कुलूपबंद. बाजारातला तयार कंट्रोलर एपेक्स बजेटात बसत नाही, शिवाय स्वतः करून बघायची खाज आहे. कोडिंगचं भय नाही, रोजचं कामच ते. २३० व्होल्टला हात लावायचं भय मात्र आहे.

रीफ-पाय हे टँकसाठीचं तयार सॉफ्टवेअर घ्यावं, आर्डुइनो बोर्डवर स्वतः लिहावं, की होम असिस्टंट या घर-ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरला ईएसपी३२ हा वायफाय बोर्ड जोडून भागवावं? चिलर सोडून बजेट पंधरा हजार. तापमान, एटीओ (उडालेलं पाणी आपोआप भरणं), लाइट आणि फोनवर सूचना एवढं हवंच. पीएच आणि डोसिंगचा (रसायनं आपोआप घालायचा) मोह होतोय.

खाडीकर_नेरूळ
रीफ-पाय. फार विचार करू नका.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर (पुढे नुसतं ‘पाय’) चालतं, गो भाषेत लिहिलंय, कोड सगळा खुला. ब्राउझरमध्ये पान उघडायचं, त्यातच उपकरणं, टायमर, तापमान, एटीओ, लाइटचा चढउतार, डोसिंग. घरच्या वायफायवर चालतं, कुणाच्या सर्व्हरवर खातं काढावं लागत नाही. पाय झीरोलाही झेपतं, पाय ५ वर पैसे घालू नका.

आर्डुइनोवर स्वतः लिहाल हो, पण ती मजा पहिल्या महिन्याची. मग ग्राफ हवा होतो, फोनवरून सेटिंग बदलायचं असतं, मेल यायला हवा असतो, आणि टँक राहतो बाजूला, तुम्ही वेब सर्व्हर लिहीत बसता.

तापमानाला डीएस१८बी२० सेन्सर, जोडीला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, पायच्या जीपीआयओ ४ या पिनवर. लाइट कमी-जास्त करायला पीसीए९६८५ चिप, त्यात १६ चॅनेल मिळतात. तुमचा एलईडी ड्रायव्हर ०-१० व्होल्टवाला असेल तर मध्ये छोटं कन्व्हर्टर लागेल.

टिक_टिक_डोंबिवली
मी होम असिस्टंटच्या बाजूने. घरात आधीच असेल तर ईएसपी३२वर ईएसपीहोम हे त्याच्या जोडीचं सॉफ्टवेअर टाका, दिवसभरात काम होतं. फक्त तापमानाचा आणि एटीओचा नियम ईएसपीवरच लिहा, होम असिस्टंटमध्ये नको. राउटर झोपला तरी नियम चालू राहिला पाहिजे. पोरं राउटरचा प्लग काढून तिथे फोन चार्जिंगला लावतात, अनुभव आहे.

खाडीकर_नेरूळ
@टिक_टिक, मुद्दा मान्य. पण घरात होम असिस्टंट नसताना केवळ टँकसाठी ते उभं करणं म्हणजे उगाच व्याप. नवख्या माणसाला रीफ-पायमध्ये एटीओ आणि मासे ठेवणाऱ्याची भाषा आयती मिळते. आणि टास्मोटा हे खुलं सॉफ्टवेअर टाकलेले वायफाय प्लग असतील तर रीफ-पाय त्यांनाही वायफायवरून चालू-बंद करतं, म्हणजे निवटीताईंना २३० व्होल्टला हात लावायचं कामच कमी.

मिस्त्री_ऐरोली
सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, त्यावरून भांडू नका. आधी कागदावर प्रत्येक उपकरणापुढे एवढंच लिहा: कंट्रोलर मेला तर हे चालू राहायला हवं की बंद?

रिटर्न पंप आणि वेव्हमेकर चालू राहायला हवेत. म्हणून ते रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) एनसी म्हणजे एरवी जोडलेल्या बाजूला. पाय बंद पडला, रिलेची कॉइल सुटली, तरी पाणी फिरत राहतं. एटीओचा पंप, डोसिंग, हीटर असेल तर हीटर, हे एनओ म्हणजे एरवी तुटलेल्या बाजूला. पाय मेला की हेही मेले पाहिजेत. बाजारातले बहुतेक रिले बोर्ड उलट्या सिग्नलवर चालतात, पिनवरचं व्होल्टेज खाली गेलं की रिले ओढला जातो. पाय सुरू होताना पिन कुठल्या अवस्थेत असतात ते पंपाऐवजी साधा बल्ब लावून आधी बघून घ्या. दहा वेळा रीस्टार्ट करा.

चिलर रिलेवर लावूच नका. त्या निळ्या रिलेवर १० अँपिअर छापलेलं असतं ते हीटरसारख्या साध्या लोडसाठी. कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटच्या कित्येक पट ओढतो, त्यात काँटॅक्ट चिकटतात, आणि चिकटलेला रिले सॉफ्टवेअरला दिसत नाही. ग्राफवर ‘बंद’, खाली चिलर धडाधड चालू. चिलरला स्वतःचा थर्मोस्टॅट असतो, तो २६ ला लावा. पायने फक्त बघायचं आणि २८ झालं की बोंब मारायची.

महावितरणची लाइट जाऊन लगेच आली तर कॉम्प्रेसरला तीन ते पाच मिनिटं उसंत लागते. चिलरमध्ये डिले नसेल तर फ्रिजला लावतात तो डिलेवाला स्टॅबिलायझर लावा, काम भागतं.

आता तुमच्या गणपतीच्या पाच दिवसांबद्दल, कारण हे कुणी बोलत नाही. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीतच टाकतो, वर स्वतःची भर घालतो. एरवी खिडक्या उघड्या, पंखा चालू, म्हणून जाणवत नाही. घर बंद केलंत की तीच गरम हवा पुन्हा चिलरमध्ये. कॅबिनेटच्या आत ठेवला असेल तर आणखी वाईट. चिलर बाहेर काढा, किचनचा एक्झॉस्ट टायमरवर चालू ठेवा, आणि आतल्या दारांना उंबऱ्याशी फट राहू द्या. हे जायच्या आदल्या दिवशी नाही, आधीच्या एखाद्या शनिवार-रविवारी घर बंद करून बघा. पंख्यांवर भिस्त नको: भाद्रपदात ठाण्याची हवा इतकी दमट की बाष्पीभवन मंदावतं, गारवा मिळत नाही.

आणि वायरिंग वायरमनकडून. टँकला स्वतंत्र ३० मिलीअँपिअरचा आरसीबीओ (लीकेज आणि जास्त करंट दोन्हींवर तुटणारा स्विच). घरभर एकच आरसीसीबी (लीकेजवर तुटणारा स्विच) असेल तर गीझरच्या लीकेजने टँक अंधारात जाईल, आणि तुम्ही देवरूखला मोदक खात असाल. सगळ्या वायरी प्लगच्या खाली झोळ देऊन आणा, थेंब झोळात गळू दे.

निवटी
मिस्त्रीकाका, चिलर खरंच कॅबिनेटमध्येच आहे. या रविवारी बाहेर काढते. एटीओचं कसं करू? ५० लिटरचा ड्रम ठेवला तर पाच दिवसांची चिंता मिटते असं वाटत होतं.

खाडीकर_नेरूळ
५० लिटर अजिबात नको. गणित करा. सॅलिनिटी (खारेपणा) ३५ असलेल्या १८० लिटरमध्ये सगळे ५० लिटर आरओ-डीआय (क्षार काढलेलं) पाणी उतरलं तर ती २७ वर येते. झोआ मिटतील, झेनिया वितळेल, शिवाय संप ओसंडून खालच्या फ्लॅटच्या छताला ओल. तेच १५ लिटरचा कॅन रिकामा झाला तर ३२ च्या वरच राहते, काही मरत नाही. आठवडाभर रोज किती पाणी उडतं ते मोजा आणि पाच दिवसांचं जेमतेम पुरेल एवढाच कॅन ठेवा. संपमध्ये तेवढी जागाही रिकामी हवी.

दोन सेन्सर लावा: नेहमीच्या पातळीला ऑप्टिकल, त्याच्या वर फ्लोट स्विच. वरचा उचलला गेला की पंपाची वायरच तुटली पाहिजे, पायला विचारायचं नाही. नळीचं तोंड कॅनमधल्या पाण्याच्या पातळीच्याही वर ठेवा, खाली राहिलं तर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी येत राहतं.

अनुजा_वाशी
प्रोबबद्दल थोडं. डीएस१८बी२०च्या ‘स्टेनलेस’ नळीला खाऱ्या पाण्यात गंज चढतो. इपॉक्सीत किंवा प्लॅस्टिकच्या टोपीत बंद केलेला घ्या. नकली चिपही पुष्कळ फिरतात, म्हणून दोन लावा आणि काचेच्या थर्मामीटरशी ताडून बघा. चिपची अचूकता अर्ध्या अंशाची, त्यामुळे २६.१ की २६.३ यावर झोप घालवू नका.

पीएच पहिल्या वर्षी टाळा. चांगलं आयसोलेटेड सर्किट आणि प्रोब यातच निम्मं बजेट जाईल, आणि आयसोलेशन नसेल तर पंप चालू झाला की आकडा उड्या मारतो. ७ आणि १० पीएचच्या बफर द्रावणाने अधूनमधून कॅलिब्रेशन आलंच. खिडक्या बंद, घरात पाहुणे, की कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच आपोआप उतरतो. लोक तो आकडा बघून पीएच वाढवणारं बफर टँकमध्ये ओततात आणि अल्कलिनिटी बिघडवून बसतात. नुसत्या सॉफ्ट कोरलला डोसिंग तर लागतच नाही, पाणी बदललंत की पुरतं.

रात्रपाळी_कळवा
सूचनांबद्दल कुणीच लिहिलं नाही. रीफ-पाय मेल पाठवतं, पण लाइट गेली की राउटर गेला, मेल कोण पाठवणार? उलटी व्यवस्था करा. पायने दर दहा मिनिटांनी बाहेरच्या सेवेला ‘आहे’ म्हणून कळवायचं. कळवणं थांबलं की त्या सेवेने तुम्हाला मेसेज करायचा. हेल्थचेक्स नावाचं ओपन सोर्स साधन याचसाठी आहे. आणि शेजारी एक किल्ली, सोबत कागदावर तीनच ओळी: कुठला स्विच, बॅटरीवरचा एअर पंप कुठे, फोन कुणाला. लाइट गेल्यावर तापमानाआधी ऑक्सिजनची पंचाईत होते.

पाय ५ सोडला तर पायच्या बोर्डवर घड्याळ नसतं. लाइट येऊन इंटरनेट नाही आलं तर वेळ मागे राहते आणि एलईडी मध्यरात्री पेटतात. डीएस३२३१चं घड्याळाचं मॉड्यूल लावून टाका, स्वस्त आहे. राउटरला मिळतो तो १२ व्होल्टचा मिनी यूपीएस आणि त्यातून ५ व्होल्ट देणारा बक कन्व्हर्टर लावलात तर एसडी कार्डही वाचेल.

कोलीवाडा_बेलापूर
अवांतर: पुढे कडक कोरलकडे वळाल तर कागदपत्रं मागूनच घ्या. आपल्या समुद्रातले स्टोनी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ पासून.

निवटी
भरपूर मिळालं, वाचनखूण साठवली. तर: पाय झीरोवर रीफ-पाय, दोन तापमान प्रोब, ऑप्टिकल आणि फ्लोट, १५ लिटरचा कॅन, घड्याळाचं मॉड्यूल, मिनी यूपीएस. चिलर त्याच्या थर्मोस्टॅटवर. पीएच, डोसिंग रद्द. सामान ऑनलाइन मागवू की मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊ?

मिस्त्री_ऐरोली
पाय आणि प्रोब ऑनलाइन. रिले, टर्मिनल, डबा, ग्लँड हे लॅमिंग्टन रोडला हातात घेऊन बघा. शनिवारी जा, रविवारी बरीच दुकानं बंद असतात. डबा झाकणाला रबर असलेला घ्या आणि टँकच्या वर नाही, बाजूला भिंतीवर लावा. वायरमन आला की त्याला सांगा, न्यूट्रल नाही, फेज रिलेतून न्यायचा.