ग्रीन रिव्हर, युटा: आईला घेऊन कनूने पाच दिवस, कोणता टप्पा करावा?

पिंपळपान:
नमस्कार मंडळी. आम्ही डेन्व्हरला राहतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात युटामधल्या ग्रीन नदीवर कनू (वल्ह्यांची उघडी, निमुळती होडी) घेऊन जायचा बेत आहे. सहा जण आहोत: मी, नवरा, १३ वर्षांची लेक, एक मित्र आणि त्याची बायको, आणि पुण्याहून येणारी माझी आई. आई ६४ची आहे. राजगड-तोरणा केलेली आहे, पण पोहता येत नाही आणि गुडघे अलीकडे कुरकुरतात. बाकी सगळ्यांना तळ्यात वल्हवायची सवय आहे, नदीत नाही.
ग्रीन रिव्हर गावातून निघून लॅबिरिंथ आणि स्टिलवॉटर दोन्ही कॅन्यन (कड्यांमधल्या खोल दऱ्या) करत कोलोरॅडोच्या संगमापर्यंत पाच दिवसांत जाता येईल का? गाइड घ्यावा लागेल का? आणि पिण्याच्या पाण्याचं काय करतात?

वल्हेकर:
गाइड नको. संगमापर्यंत नदी संथ आहे, मोठा रॅपिड (खडकांवरून उसळणारं पाणी) एकही नाही. पण दोन्ही कॅन्यन पाच दिवसांत करू नका. गावापासून संगम १२० मैल आहे. ऑक्टोबरमध्ये पाणी उतरलेलं असतं, ओढ कमी असते. रोज २४ मैल नुसते हात चालवाल, बाजूच्या एकाही घळीत शिरायला वेळ मिळणार नाही.
माझं ऐकाल तर फक्त लॅबिरिंथ करा, तेही रूबी रँचपासून मिनरल बॉटमपर्यंत. ४५ मैल, म्हणजे रोज नऊ. रूबी रँच खासगी जागा आहे, तिथे होडी उतरवायची थोडी फी द्यावी लागते. लॅबिरिंथचं परमिट फुकट मिळतं, ते छापून बरोबर ठेवा.

पाण्याबद्दल. माणशी दिवसाला ४ लिटर धरा. सहा जणांचे पाच दिवसांचे १२० लिटर झाले, म्हणजे १२० किलो. तीन कनूंत वाटलं तर प्रत्येकीत ४०. कॅन तळाशी, बरोबर मधोमध ठेवा आणि बांधून टाका. हे सगळं पाणी घरूनच भरून न्यायचं. नदीचं पाणी इतकं गढूळ असतं की फिल्टर थोड्याच वेळात चोंदतो. भांडी-अंघोळीसाठी मात्र ते चालतं. संध्याकाळी बादली भरायची, तुरटीचा खडा पाच-सहा वेळा फिरवायचा आणि हात न लावता ठेवून द्यायची. सकाळी तळाला बोटभर चॉकलेटी गाळ बसलेला असतो आणि वरचं पाणी नितळ. आपल्या आज्या पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याला हेच करायच्या, आईंना सांगावं लागणार नाही. अडचणीच्या वेळी हे निवळलेलं पाणी फिल्टर करून, उकळून पिता येतं, म्हणून फिल्टर जवळ असू द्या.

उन्हाळवाट:
मी फिनिक्सहून जाऊन आलेय. माझं मत थोडं वेगळं आहे. स्टिलवॉटर सोडू नका! कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कमधला भाग आहे तो. फोर्ट बॉटमला टेकाडावर जुन्या प्यूब्लोअन (इथल्या मूळनिवासी) लोकांनी रचलेला दगडी बुरूज आहे. कड्याच्या कपारीत धान्याची कोठारं दिसतात. आईंनी गडकोट पाहिलेत, त्यांना ते फार आवडेल.

वल्हेकर:
उन्हाळवाट, बुरुजाबद्दल अगदी मान्य. माझा आक्षेप बाहेर पडण्याच्या वाटेला आहे. स्टिलवॉटरच्या शेवटाला गाडीरस्ता नाही. संगमाच्या खाली ४ मैलांवर स्पॅनिश बॉटम, तिथून जेट बोटीने उलटं मोआबकडे यायचं. ती बोट आधी ठरवलेली हवी आणि ठरल्या दिवशी तुम्ही तिथे हवेतच. पुढे वाहत जायचा विचारही करायचा नाही, कारण लगेच कॅटरॅक्ट कॅन्यनचे रॅपिड्स सुरू होतात. वारा सुटला आणि दिवस वाया गेला तर आईंना घेऊन घाई करावी लागेल. मला ते पटत नाही. पहिल्या खेपेला ज्या टोकाला आपली गाडी उभी आहे तोच टप्पा बरा.
आणि लॅबिरिंथ काही कमी नाही. बोनॉट बेंडला नदी ७ मैल वळसा घालून जवळजवळ तिथेच परत येते. मधली खिंड चढून गेलात की दोन्ही बाजूंना तीच नदी खाली दिसते. चढ छोटा पण उभा आहे, आईंना काठी द्या. १८६९ मध्ये या नदीचा शोध घेणाऱ्या पॉवेलची तुकडी लाकडी होड्यांतून इथून गेली, बोनॉट हे नाव त्यांनीच दिलेलं. पॉवेलला उजवा हात नव्हता, अमेरिकेच्या यादवी युद्धात गेला होता, आणि तरी तो हे कडे चढायचा. शेवटच्या दिवशी हेल रोअरिंग कॅन्यनमध्ये थांबा. डेनिस ज्युलियन नावाच्या, कातड्यांसाठी प्राणी पकडणाऱ्या माणसाने १८३६ साली खडकावर नाव कोरलंय, शेजारी शिडाची होडी. बघायचं, हात लावायचा नाही.

पिंपळपान:
खूप आभार. नवऱ्याशी बोलले, लॅबिरिंथ ठरलं. आता जरा संकोचाचा प्रश्न. आईला मुख्य काळजी शौचाची आहे.

वल्हेकर:
संकोच कसला, हा पहिलाच प्रश्न असायला हवा. खड्डा खणायला परवानगी नाही. सगळं बरोबर परत आणायचं असतं, त्यासाठी झाकणाचा डबा मिळतो, कनूबरोबरच भाड्याने घ्या. त्याला बैठक असते, उकिडवं बसावं लागत नाही, म्हणजे गुडघ्यांची सोय झाली. तंबूंपासून दूर, टॅमरिस्कच्या झुडपांआड ठेवा.
लघवी मात्र नदीतच करायची. आपल्याला नदीत असं काही करणं जिवावर येतं, मलाही आलं होतं. पण वाळूचे पट्टे अरुंद, पाऊस फारसा नाही, त्यामुळे काठावरचा वास महिनोन्‌महिने जात नाही. मागून येणारे तिथेच झोपणार असतात.
पोहता येत नाही म्हणून घाबरू नका, पण लाइफ जॅकेट काठावर उतरेपर्यंत निघता कामा नये, लेकीचंही. आईंना खरा त्रास होडीत चढ-उतार करताना होईल. उतरलेल्या पाण्यात काठाला गुडघाभर चिखल असतो. पट्ट्याचे घट्ट सँडल हवेत, चपला त्यात राहतात. आधी एकाने उतरून कनूचं नाक वाळूवर ओढायचं, मग आईंनी उठायचं.
वळणावर बाहेरच्या अंगाने चला, तिकडे पाणी खोल असतं, आतल्या बाजूला वाळूत रुताल. दुपारनंतर वारा बहुधा समोरून येतो, म्हणून उजाडताच निघा. मुक्काम उंच वाळूवर, कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी कधीच नाही. कनू वर ओढून बांधा, रात्रीत पाणी चढू शकतं.

उन्हाळवाट:
आणि सॅटेलाइट मेसेंजर घ्या, फोनला रेंज नसते.

वल्हेकर:
हो, तो हवाच. शिवाय मिनरल बॉटमचा घाट कच्चा आहे. पाऊस झाला की गाडी चढत नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये तर तो वाहूनच गेला होता. एक दिवसाचा शिधा आणि पाणी जास्तीचं ठेवा, म्हणजे कॅन १४४ लिटरचे भरा. डेन्व्हरला कुणाकडे तरी परतायची तारीख लिहून द्या, एक दिवस पुढची.