मदत हवी आहे: गोळी चालू आहे, तरी भाऊ सुई सोडत नाही

जुई_क: व्यसनमुक्ती केंद्रातली गोळी रोज घेतो. नशेची पावडर बंद आहे, लघवीच्या तपासणीतही काही निघत नाही. तरी काल संडासात सिरिंजमध्ये नळाचं पाणी भरून टोचत होता. पाणी! दट्ट्या मागे ओढून आत येणारं रक्त बघत बसला होता. समुपदेशक म्हणतात, इच्छाशक्ती कमी पडते. काय करू? लवकर सांगा.

सह्यवारा: कुठली गोळी? कुठे राहता? वय?

पंत_नाशिक: गोळी म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरणं. इगतपुरीला विपश्यनेला पाठवा. माझ्या मेहुण्याची सिगारेट सुटली.

जुना_गडी: पंत, सिगारेटची गोष्ट वेगळी. मी ब्राऊन शुगर टोचायचो. दंडाला पट्टा आवळला की निम्मी टर्की (नशा न मिळाल्याचा त्रास) उतरायची, माल अजून चमच्यातच असायचा. सुई आणि सुख मेंदूत एकत्र बांधले जातात. ती गाठ गोळीने सुटत नाही. पाणी टोचणारे मीही पाहिलेत.

डॉ_मधुरा: गोळी ब्युप्रेनॉर्फिन (ब्राऊन शुगरऐवजी देतात ते औषध) असावी. डोस कमी पडला तरी माणूस सुईकडे वळतो. जांभया, नाक गळणं, अंगदुखी आहे का? गोळी केंद्रातच जिभेखाली विरघळवतो की घरी आणतो?

वकीलसाहेब: एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा १९८५, कलम ६४अ बघा. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं.

जुई_क: पोलिसांचा विषयच नाही! हो, ब्युप्रेनॉर्फिन. पुणे. वय २६. केंद्रात सगळ्यांसमोर घेतो. टर्की अजिबात नाही.

जुना_गडी: मग ओढ सुईचीच आहे. पट्टा, चमचा, सिरिंज त्याच्याच हाताने घराबाहेर काढा. कुठल्या वेळी हात शिवशिवतात ते त्याला विचारा, त्या वेळी त्याला एकटा सोडू नका.

डॉ_मधुरा: सिरिंज काढायची घाई नको. नवी मिळाली नाही तर कुणाची तरी वापरलेली घेईल. सुई बदलून देणारी केंद्रं त्यासाठीच आहेत. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी तपासून घ्या, सी वर २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत उपचार आहेत.

जुना_गडी: डॉक्टर, घरात सुई दिसत राहिली तर तो सुटणार कसा?

डॉ_मधुरा: सुटेपर्यंत जगला पाहिजे ना. समुपदेशकाला सांगा, इच्छाशक्ती बाजूला ठेवा आणि टोचण्याच्या सवयीवरच काम करा. जमत नसेल तर व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर दुसरं केंद्र विचारा. आणि नळाच्या पाण्यातले जंतू थेट रक्तात जातात. ताप आहे का?

जुई_क: परवापासून थंडी वाजून येतोय. सर्दीचा असेल म्हणून क्रोसिन दिली.

डॉ_मधुरा: ताई, आत्ता रुग्णालयात न्या. हृदयाच्या झडपेला संसर्ग होऊ शकतो. शिरेत पाणी टोचतो हे तिथे स्पष्ट सांगा, लाजू नका.

जुई_क: रिक्षा बोलावली.