पीएम किसान: वडील वारले, आईची नवी नोंदणी नामंजूर. मदत हवी आहे

कोरडवाहू: मंडळी, वडिलांच्या नावावर पावणेदोन एकर होतं. 2019 ला योजना आली तेव्हापासून त्यांना पीएम किसानचे हप्ते मिळत होते, पुढे नमो शेतकरीचेही (राज्य सरकारची जोड योजना). मागच्या पावसाळ्यात ते गेले. वारस नोंद झाली. सातबाऱ्यावर आता आई, मी आणि लग्न झालेली बहीण, सामाईक. आईची नवी नोंदणी केली तर तालुक्यावरून नामंजूर. कारण काय, तर जमीन 1 फेब्रुवारी 2019 नंतर नावावर आली. नवरा नंतर वारला यात तिचा काय दोष? एका कार्यालयात म्हणतात जमिनीचा विषय महसूलचा, दुसरीकडे म्हणतात योजना कृषीची.

शिवाय मी पुण्यात नोकरीला, आयकर भरतो. सेतूवाल्याच्या मते घरात आयकर भरणारा असला की कुणालाच मिळत नाही. खरंय का? आणि बाबा गेल्यावर त्यांच्या खात्यात एक हप्ता पडलाय, तो काढावा का?

बांधावरून: आधी शेवटचं. तो हप्ता काढू नका. वडिलांचा मृत्यू दाखला देऊन त्यांची नोंदणी बंद करायला लावा, नाहीतर हप्ते पडत राहतील आणि मग वसुलीची नोटीस.

1 फेब्रुवारी 2019 ची अट खरेदी, बक्षीसपत्र, वाटणी असल्यांसाठी. खातेदार वारल्यामुळे वारसाने आलेल्या जमिनीला ती लागत नाही, मार्गदर्शक सूचनांतच तशी सूट आहे. बहुतेक वेळा गडबड कागदात असते: लोक नुसता नवा सातबारा जोडतात, त्यावर फेरफाराची (नावबदलाच्या नोंदीची) तारीख आत्ताची दिसते, बघणारा नामंजूर करून मोकळा. वारसाचा फेरफार, मृत्यू दाखला आणि वडिलांच्या नावाचा 2019 पूर्वीचा सातबारा, तिन्ही एकत्र जोडा. अर्जात जमीन येण्याचं कारण 'वारसा' असंच भरलंय ना, तेही बघा.

माहेरवाशीण: सेतूवाल्याचं ऐकू नका. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. सज्ञान मुलगा वेगळा धरतात. तुम्ही आयकर भरता म्हणून तुम्ही अपात्र, आई नाही. आईंना स्वतःला दरमहा दहा हजार किंवा जास्त निवृत्तिवेतन असेल तर मात्र अडचण.

कोरडवाहू: निवृत्तिवेतन कसलं! बाबा शेतकरीच. ताईच्या हक्कसोडपत्राची गरज आहे का? तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे) तसं सुचवत होते.

बांधावरून: या योजनेसाठी अजिबात नाही. सामाईक खात्यात आईचं नाव आहे, तेवढं पुरे. बहिणीचा हिस्सा दोन हजारांच्या हप्त्यापायी सोडवायला लावणं मला तरी पटत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. आईंचा स्वतःचा फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) काढा, वडिलांचा चालणार नाही. आणि बँकेत 'आधार लिंक आहे' एवढ्यावर समाधान मानू नका; हप्ता आधारवरून येतो, त्यामुळे डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) कोणतं खातं जोडलंय ते विचारा. आमच्या काकूंचे पैसे त्यांनी विसरून गेलेल्या पोस्टाच्या खात्यात साठत होते.

कोरडवाहू: आभारी आहे. आईचं ई-केवायसी झालंय, पण बोटांचे ठसे उमटत नव्हते म्हणून चेहरा दाखवून केलं. ते चालतं ना?

माहेरवाशीण: चालतं. नमोसाठी वेगळा अर्ज नाही, पीएम किसान सुरू झालं की तेही येतं. अर्ज देताना पोच घ्या, शिक्क्यासकट.