थंडरबर्डला जुन्या डिस्कवरचा इनबॉक्स उघडता येत नाही

प्रश्न:
विंडोज ११, थंडरबर्ड (ईमेलचा प्रोग्राम), पॉप खातं (मेल संगणकावरच उतरवून ठेवणारं). जुन्या संगणकाची डिस्क नव्याला जोडली आणि सर्व्हर सेटिंग्जमधल्या 'लोकल डिरेक्टरी'त तिथल्याच मेल फोल्डरचा पत्ता दिला. डावीकडे फोल्डरांची नावं दिसतात, पण इनबॉक्सवर क्लिक केलं की संदेश येतो: समरी फाइल उघडता येत नाही, डिस्कमध्ये दोष असेल किंवा पाथ फार लांब असेल. पाथ जेमतेम ९० अक्षरांचा आहे. डिस्क तपासली, दोष नाही. एक्सप्लोररमध्ये इनबॉक्सची फाइल दिसते, ३.४ जीबी.

उत्तर १:
तो संदेश दिशाभूल करतो. मेल बहुतेक शाबूत आहेत, अडचण परवानगीची दिसते. त्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅब बघा. 'अकाउंट अननोन' आणि पुढे एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा असेल, तर तो जुन्या विंडोजवरचे तुम्हीच. नाव तेच ठेवलं तरी नव्या विंडोजच्या लेखी तो माणूस परका.

मग एक्सप्लोररला कसं दिसतं? फोल्डर पहिल्यांदा उघडताना 'कंटिन्यू' दाबलं असेल. त्याने फक्त 'रीड अँड एक्झिक्यूट' मिळतं, लिहिता येत नाही. थंडरबर्डला मात्र शेजारी इनबॉक्स.एमएसएफ ही सूची (संदेशातली समरी फाइल) लिहावीच लागते.

मालकी बदलत बसू नका, कॉपी करा. थंडरबर्ड पूर्ण बंद करून नव्या प्रोफाइलच्या (थंडरबर्ड मेल आणि सेटिंग्ज ठेवतो त्या फोल्डरच्या) मेल फोल्डरात एक रिकामा फोल्डर करा, त्यात जुन्या फाइली कॉपी करा आणि लोकल डिरेक्टरीला तो पत्ता द्या. कॉपीला नव्या जागेच्या परवानग्या मिळतात. एकाच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलंत तर जुन्याच सोबत येतात, म्हणून कट नको. एमएसएफ फाइली जुन्या जागीच सोडा, नव्या आपोआप बनतात.

उत्तर २:
वरचं बरोबर. त्यात भर: मेल दिसेपर्यंत 'कॉम्पॅक्ट' (पुसलेल्या मेलची जागा मोकळी करणं) अजिबात करू नका, त्यात अख्खी फाइल नव्याने लिहिली जाते. आधी इनबॉक्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'रिपेअर फोल्डर'. ३.४ जीबीला वेळ लागेल, मध्येच बंद करू नका.

तरीही रिकामा दिसला तर मोठ्या फाइली उघडणाऱ्या एडिटरमध्ये कॉपी उघडा. प्रत्येक मेलची सुरुवात 'फ्रॉम' आणि मोकळी जागा अशा ओळीने व्हायला हवी. सुरुवातीलाच मजकुराऐवजी नुसते शून्य किमतीचे बाइट (NUL) असतील तर फाइल खराब झालीय.

अँटिव्हायरसचा क्वारंटाइनही (संशयास्पद फाइली बाजूला ठेवायची जागा) बघा. सगळे मेल एकाच फाइलीत असल्याने एका संशयास्पद अटॅचमेंटपायी अख्खा इनबॉक्स उचलला जातो.

प्रश्नकर्ता:
'अकाउंट अननोन'च होतं. कॉपी आणि रिपेअर केल्यावर इनबॉक्स आला. पण त्याखालचे उपफोल्डर गायब आहेत. एक्स्टेन्शन नसलेल्या फाइलीच फक्त कॉपी केल्या होत्या.

उत्तर १:
उपफोल्डर 'इनबॉक्स.एसबीडी' नावाच्या फोल्डरात असतात, तो राहिला. थंडरबर्ड बंद करून तो अख्खा इनबॉक्स फाइलीच्या शेजारी ठेवा. नाव अक्षरशः तेच हवं, नाहीतर जोडला जात नाही.