मदत हवी आहे : बीपीची गोळी सुरू असताना अश्वगंधाचं दूध चालेल का?

आम्ही आर्वी तालुक्यातले. हरभऱ्यात रानडुकरं घुसतात म्हणून बाबा थंडीभर जागलीला होते. हरभरा निघाला, पण त्यांची झोप काही जागेवर आली नाही. मध्यरात्री उठून बैलांना कुटार टाकतात, मग ओट्यावर बसून राहतात. जीव तुटतो पाहून.

माय म्हणते, रात्री गरम दुधात अश्वगंधा चूर्ण अन् उगाळलेलं जायफळ देऊ. जायफळ जास्त झालं तर मळमळ, भ्रम होतो, म्हणून सहाणेवर दोन वेढेच. काळजी अश्वगंधाची आहे. त्यानं बीपी उतरू शकतो, अन् बाबांना गोळी रोजची.

कोणी गोळीसोबत दिलं आहे का? किती दिलं? नुसतं जायफळ-दूध पुरलं का? सोमवारी डॉक्टरांना विचारणारच आहे, तोवर चूर्णाचा डबा उघडत नाही. संध्याकाळचा चहा मात्र आजपासून बंद केला.